ओपीजीत सहा दात किडलेले, बाइटविंगमध्ये तीनच : फिलिंग किती करायची?

वाचकाचं पत्र

"माझी मुलगी १४ वर्षांची आहे. दात पुढे आल्यामुळे तारा लावायच्या आहेत. त्यासाठी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढला. तो पाहून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, १५, १६, २५, २६, ३६ आणि ४६ या सहा दातांना कीड आहे, तारा लावण्याआधी सगळी फिलिंग करून घ्या. तिला कुठेच दुखत नाही, बॅटरी लावून पाहिलं तरी खड्डा दिसत नाही. म्हणून दुसरीकडे दाखवलं. तिथल्या मॅडमनी दोन्ही बाजूंचे दोन छोटे एक्स-रे काढले, त्यांना बाइटविंग म्हणाल्या, आणि कागदावर लिहून दिलं : २६ – डी२, ४६ – डी१, ३६ – ई२, बाकी तीन ठीक. फिलिंग फक्त २६ ला, उरलेल्या दोन दाढांना वार्निश लावून थांबू म्हणाल्या. कीड दिसत असताना थांबायचं कसं? नात्यातले एक जण म्हणतात, थ्रीडी स्कॅन करा, वाद मिटेल. महिन्याभरात इतके एक्स-रे झाले याचीही काळजी वाटते. कोणाचं खरं मानू?"
– एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, नमस्कार.

आम्ही तुमच्या मुलीचे एक्स-रे पाहिलेले नाहीत, त्यामुळे मॅडमनी लिहून दिलेल्या नोंदी बरोबर आहेत असं धरून सांगतो. २६ चं फिलिंग करून घ्या. १५, १६ आणि २५ यांना ड्रिल लावू देऊ नका. ३६ ला वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा लेप, पुरेल. ४६ चा निर्णय मात्र कुठल्याच एक्स-रेवर होणार नाही. ती दाढ शेजारच्या दातापासून किंचित दूर सारून डोळ्यांनी पाहावी लागेल, आणि तारा लावायच्या असल्यामुळे ते तुमच्या बाबतीत सहज जमण्यासारखं आहे. थ्रीडी स्कॅन या कामासाठी करू नका.

आता कारणं. ती नीट समजली तर पुढच्या वेळी कोणत्याही दवाखान्यात तुम्ही योग्य प्रश्न विचारू शकाल.

आधी ते आकडे. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो : १ म्हणजे वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजायचा. म्हणजे १६, २६, ३६, ४६ या चार पहिल्या मोठ्या दाढा झाल्या. त्या साधारण सहाव्या वर्षी येतात, म्हणून चौदाव्या वर्षी सगळ्यांत जास्त कीड त्यांनाच लागलेली असते. १५ आणि २५ या वरच्या उपदाढा.

ओपीजीवर सहा दात का दिसले

ओपीजीचं यंत्र डोक्याभोवती साधारण १२ ते १८ सेकंद फिरतं आणि वक्र जबडा एका सपाट चित्रात उलगडून देतं. तारा लावणाऱ्या डॉक्टरांना तो हवाच असतो. कोणता दात अजून हाडात अडकलाय, अक्कलदाढा कुठे आहेत, मुळं किती लांब आहेत, एखादा दात मुळातच नाही का, हे सगळं एका नजरेत दिसतं. दोन दातांच्या मधली बारीक कीड शोधायला मात्र तो बनलेला नाही, आणि त्याची कारणं यंत्राच्या चालीतच आहेत.

एक म्हणजे कोन. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्या फटीतून किरण सरळ आरपार गेला तरच तिथलं इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक आवरण, वेगळं दिसतं. लाकडी फळ्यांच्या कुंपणासमोर सरळ उभं राहिलं तर फळ्यांमधली फट दिसते, तिरकं पाहिलं की फळ्या एकमेकींवर चढतात, तसंच हे. ओपीजीत फिरत्या किरणाचा कोन उपदाढांच्या फटींशी जुळत नाही. तिथे एका दाताची कड दुसऱ्यावर चढते, चढलेला भाग जास्त पांढरा होतो, आणि त्या पांढऱ्या पट्टीला लागून असलेला निरोगी भाग डोळ्याला उगाच काळा भासतो. १५ आणि २५ वरची 'कीड' बहुधा हीच. ओपीजीवर उपदाढांच्या मध्ये कीड दिसली की आधी दात एकमेकांवर चढलेत का ते तपासायचं, हा दंतवैद्यकातला पहिल्या काही धड्यांपैकी एक.

दुसरं म्हणजे बारकावा. बाइटविंगसाठी तोंडात ठेवायचा सेन्सर, म्हणजे एक्स-रे टिपणारी डिजिटल पट्टी, एका मिलिमीटरमध्ये वीस किंवा त्याहून जास्त रेषांच्या जोड्या वेगळ्या दाखवू शकतो, ओपीजी साधारण पाच. दाढेच्या बाजूचं इनॅमल असतं एक ते दीड मिलिमीटर जाड. कीड त्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागात आहे की आतल्या, हा फरक अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा आणि उपचार त्यावर ठरतो. शिवाय ओपीजीतलं चित्र मुळापेक्षा साधारण २० ते ३० टक्के मोठं असतं, हनुवटी थोडी वर-खाली झाली की एका पट्ट्यातले दात धूसर होतात, आणि पुढच्या दातांवर मानेच्या मणक्यांची सावली पडते.

मोठा खड्डा, मुळाशी झालेली गाठ, नसेपर्यंत पोहोचलेली कीड हे ओपीजीवर कळतं. लहान सावली दिसली तर ती शंका म्हणून नोंदवायची आणि बाइटविंग काढायचा. तुमच्या पहिल्या डॉक्टरांनी शंका घेतली यात काही वावगं नाही. शंकेवरून थेट सहा फिलिंगवर जाणं आम्हाला पटत नाही, कारण दोन दातांमधलं फिलिंग करताना दाढेचा वरचा निरोगी भाग कापूनच आत उतरावं लागतं. कापलेलं इनॅमल परत येत नाही, आणि तिथलं फिलिंग पुढे आयुष्यभर अधूनमधून बदलावं लागतं.

बाइटविंग : चांगला कसा ओळखायचा

बाइटविंग ही काही नवी पद्धत नव्हे. अमेरिकन दंतवैद्य हॉवर्ड रेपर यांनी ती १९२५ मध्ये मांडली. दात चावलेल्या अवस्थेत एकाच चित्रात वरच्या आणि खालच्या दाढांचे माथे आणि त्यांच्यामधल्या हाडाची कड दिसते. मुळांची टोकं दिसत नाहीत, आणि त्यांची इथे गरजही नसते. शंभर वर्षांनंतरही दाढांमधल्या किडीसाठी हाच पहिल्या पसंतीचा एक्स-रे आहे. पण तो नीट काढलेला असला पाहिजे. वाकडा बाइटविंग ओपीजीइतकाच फसवतो.

नीट म्हणजे असा : सेन्सर किंवा फिल्म होल्डरमध्ये बसवून जिभेच्या बाजूला, दाढांच्या रांगेला समांतर ठेवायची. तिची पुढची कड सुळ्याच्या मध्यापर्यंत आली पाहिजे, नाहीतर पहिल्या उपदाढेची पुढची बाजू कापली जाते. मुलीने होल्डरवर पूर्ण चावायचं, अर्धवट नाही. होल्डरच्या बाहेरच्या रिंगला यंत्राची नळी टेकवली की कोन आपोआप जुळतो. रिंग नसेल आणि कागदाची पट्टी चावायला दिली असेल, तर नळी वरून खाली साधारण ५ ते १० अंश झुकवायची आणि आडव्या दिशेने फटींच्या रोखाने धरायची. सगळा खेळ या आडव्या कोनाचा. उभा कोन थोडा चुकला तर हाडाची कड कमी-जास्त दिसते. आडवा चुकला की दात एकमेकांवर चढतात आणि एक्स-रे निकामी होतो.

चित्र हातात घेऊन तुम्ही स्वतः तपासू शकता. पहिल्या उपदाढेपासून शेवटच्या दाढेपर्यंत प्रत्येक दोन दातांमध्ये काळी बारीक रेघ दिसते का? चढलेला भाग इनॅमलच्या अर्ध्या जाडीहून कमी असेल तर वाचता येतं, त्याहून जास्त असेल तर त्या फटीबद्दल काहीच सांगता येत नाही. वरच्या-खालच्या दोन्ही जबड्यांत दातांमधली हाडाची टोकं दिसतात का? एका कोपऱ्यात पांढरा गोल तुकडा राहिला असेल तर नळी सरकली होती. एखादी फट बंद असेल आणि नेमका प्रश्न तिचाच असेल, तर फक्त त्या बाजूचा एक फोटो कोन थोडा पुढे-मागे करून परत घ्यायचा. सगळे परत काढायचे नाहीत.

चौदाव्या वर्षी दुसरी मोठी दाढही आलेली असते. एका बाजूच्या एका फोटोत उपदाढांपासून तिच्यापर्यंत सगळ्या फटी मावल्या आहेत का, ते पाहा. सेन्सरचं प्रत्यक्ष चित्र घेणारं क्षेत्र त्याच मापाच्या फिल्मपेक्षा लहान असतं, म्हणून शेवटची फट बऱ्याचदा बाहेर राहते. तशी राहिली असेल आणि तिथे शंका असेल तरच आणखी एक फोटो.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत "आरव्हीजी काढू" असं म्हणतात. आरव्हीजी म्हणजे सेन्सरवर निघणारा डिजिटल एक्स-रे, एवढंच. त्याच सेन्सरवर बाइटविंगही निघतो आणि आयओपीएसुद्धा. आयओपीएत एक-दोन दात माथ्यापासून मुळाच्या टोकापर्यंत दिसतात. दुखणं, सूज, रूट कॅनाल, नसेच्या अगदी जवळ गेलेली कीड यांसाठी तो लागतो. पण त्यात किरण अनेकदा वरून किंवा खालून तिरका टाकतात, त्यामुळे किडीची सावली सरकते आणि खोली चुकीची वाटते. शिवाय एका फोटोत एकच जबडा येतो. दाढांमधली कीड शोधायला "बाइटविंग काढा" असंच स्पष्ट म्हणा.

फिल्म, फॉस्फर प्लेट आणि सेन्सर यांत किडीच्या निदानापुरता मोठा फरक नाही. फरक आहे तो काय बिघडतं यात. फिल्म धुण्याचं रसायन जुनं झालं की चित्र फिकट येतं आणि सुरुवातीची कीड त्यात बुडून जाते. प्लेट पातळ आणि लवचिक, मुलांना सोयीची, पण तिच्यावर ओरखडे उठतात आणि स्कॅन करण्याआधी उजेडात राहिली तर चित्र उतरतं. सेन्सर जाड आणि ताठ असतो, त्याची कड टोचते, मूल अर्धवट चावतं आणि चित्र वाकडं येतं. सेन्सरचं चित्र संगणकावर धारदार करता येतं हीसुद्धा अडचणच, कारण जास्त धार दिली की फिलिंगच्या कडेला आणि दाताच्या मानेशी खोट्या काळ्या रेघा उमटतात. आधी मूळ चित्र पाहायचं, मग बदललेलं.

१६ बद्दल आमचा अंदाज असा. इनॅमल संपतं आणि हाड सुरू होतं त्यांच्या मधे दाताची मान असते. ती बारीक आणि आत वळलेली असल्यामुळे तिथून किरण जास्त आरपार जातात आणि एक काळा, कडा विरलेला पट्टा दिसतो. दंतवैद्य त्याला सर्व्हायकल बर्नआउट म्हणतात. खरी कीड दोन दात टेकतात त्या जागेपासून किंचित हिरडीच्या बाजूला सुरू होते, इनॅमलमध्ये त्रिकोणी दिसते आणि त्रिकोणाचा पाया बाहेर असतो. बर्नआउट त्याहूनही हिरडीकडे असतो, आणि कोन बदलला की फिका होतो किंवा जातो. चौदा वर्षांच्या मुलीची हिरडी निरोगी असेल तर मुळाचा तो भाग झाकलेलाच असतो, तिथे एकटीच कीड लागणं फार दुर्मीळ. १६ चा प्रश्न हाच होता का, हे मॅडमना विचारून खात्री करून घ्या.

ई२, डी१, डी२ म्हणजे किती खोल

ई म्हणजे इनॅमल, डी म्हणजे डेंटिन, इनॅमलच्या आतला थर. ई१ इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्यात, ई२ आतल्या अर्ध्यात. डी१ डेंटिनच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात, डी२ मधल्या, डी३ नसेला लागून असलेल्या. तुमच्या कागदावर दाताची कोणती बाजू ते लिहिलेलं नाही. ते लिहून घ्या. पुढच्या बाजूला 'एम', मागच्या बाजूला 'डी' लिहितात. हा 'डी' वेगळा, त्यामुळे "३६ मागची बाजू, ई२" असं मराठीत लिहून घेतलेलं बरं. बाजू लिहिलेली नसेल तर सहा महिन्यांनी तुलना कशाशी करणार?

आता तुमचा खरा प्रश्न : कीड दिसत असताना थांबायचं कसं? यासाठी एक्स-रे काय दाखवत नाही ते कळायला हवं. दाताच्या एखाद्या जागेतली साधारण ३० ते ४० टक्के खनिजं गेल्याशिवाय तिथे सावली उमटतच नाही. म्हणजे प्रत्यक्ष झीज सावलीपेक्षा नेहमी थोडी पुढे असते. पण त्याच वेळी, सावली म्हणजे खड्डा नव्हे. खनिजं आतून कमी झालेली असतानाही वरचा पापुद्रा शाबूत असू शकतो. तो शाबूत आहे तोवर जंतू आत घर करू शकत नाहीत, आणि फ्लोराइड व स्वच्छतेने ती जागा तिथेच थोपवता येते. पापुद्रा फुटून खड्डा पडला की ब्रश, फ्लॉस तिथे पोहोचत नाही आणि फिलिंगला पर्याय उरत नाही. पापुद्रा फुटलाय का, हे एक्स-रे सांगत नाही. कीड आत्ता वाढतेय की वर्षानुवर्षं तशीच थांबलीय, हेही एका एक्स-रेवरून कळत नाही.

ई१ आणि ई२ मध्ये पापुद्रा बहुतेक वेळा शाबूत असतो, म्हणून तिथे ड्रिल नको. डी२ पर्यंत सावली गेली की खड्डा जवळजवळ असतोच, म्हणून २६ चं फिलिंग. मधला डी१ दोन्हीकडे जाऊ शकतो. काही दवाखान्यांत डी१ दिसला की सरळ फिलिंग करतात. आमच्या मते बघता येत असताना न बघता कापणं योग्य नाही.

चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खाचांसाठी मात्र बाइटविंगवर विसंबू नका. तिथे दोन्ही बाजूंच्या जाड इनॅमलखाली सुरुवातीची कीड लपते. एक्स-रेवर दिसेपर्यंत ती डेंटिनमध्ये बरीच पसरलेली असते. दात स्वच्छ करून, पाच सेकंद हवेने वाळवून, चांगल्या उजेडात पाहणं हाच तिथला खरा तपास. पहिल्या डॉक्टरांनी ज्या सहा दातांची नावं घेतली त्यांत अशी एखादी खाच असेल तर ती वेगळी विचारा.

४६ चं काय करायचं

तारा लावताना दाढांवर स्टीलच्या पट्ट्या बसवायच्या असल्या, तर आधी दाढांच्या फटींत छोट्या रबरी रिंगा घालतात. त्यांना सेपरेटर म्हणतात. दोन-तीन दिवसांत दोन दातांमध्ये बारीक जागा होते. रिंग काढल्या काढल्या त्या जागेतून ४६ ची संशयित बाजू वाळवून, आरशाने आणि बोथट टोकाच्या प्रोबने, म्हणजे तपासणीच्या सळीने, हलक्या हाताने तपासता येते. टोकदार प्रोब खुपसू नये, कारण कमकुवत पापुद्रा त्यानेच फुटतो. पृष्ठभाग सलग असेल तर फिलिंग नाही. तिथेच वार्निश किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशन. खड्डा लागला तर त्याच दिवशी फिलिंग ठरवायचं. दोन-तीन दिवस चावताना थोडं ठणकतं, चिकट खाल्लं तर रिंग निघून येते. ती आपोआप पडली तर कळवायचं, आणि हिरडीखाली घसरून राहिली नाही ना याची खात्री डॉक्टरांनी करायची. या सोयीचा उपयोग करून घ्या. ३६ ची बाजूही त्याच वेळी पाहून घेता येईल.

वार्निश म्हणजे ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा लेप, त्यात २२,६०० पीपीएम फ्लोराइड असतं. दात वाळवून पातळ थर लावतात, एक-दोन मिनिटांचं काम. त्यानंतर किमान चार तास कडक आणि गरम काही खायचं नाही, त्या रात्री ब्रश केला नाही तरी चालेल. अशी सुरुवातीची कीड असलेल्या मुलांना तीन महिन्यांनी परत लावणं चांगलं. इन्फिल्ट्रेशनमध्ये १५ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडची जेल दोन मिनिटं लावून पापुद्र्याची छिद्रं उघडतात आणि पाण्यासारखं पातळ रेझिन आत झिरपवतात. ड्रिल लागत नाही, पण दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो आणि खर्च जास्त. हे रेझिन एक्स-रेवर पांढरं दिसत नाही, हे लक्षात ठेवा. पाच वर्षांनी दुसऱ्या गावात एखादे डॉक्टर तीच जुनी सावली पाहून नवी कीड समजतील. कोणत्या दाताच्या कोणत्या बाजूला, कोणत्या तारखेला केलं, ते फाइलमध्ये आणि तुमच्याकडेही लिहिलेलं असलं पाहिजे.

किरणांचा हिशोब आणि थ्रीडी स्कॅन

निसर्गातून, म्हणजे जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून, माणसाला जगभरात सरासरी वर्षाला सुमारे २४०० मायक्रोसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो, रोजचे साडेसहा. ओपीजीचा डोस साधारण १५ ते २५ मायक्रोसीव्हर्ट. डिजिटल बाइटविंगचा, नळीला चौकोनी तोंड असेल तर एक-दोन, गोल तोंड असेल तर त्याच्या काही पट. तारांसाठी बाजूने काढलेला सेफॅलोग्राम धरला तरी तिचं सगळं मिळून साधारण एका आठवड्याच्या नैसर्गिक डोसइतकं होतं. घाबरण्यासारखं काही नाही. तरीही वाढत्या वयात शरीर किरणांना जास्त संवेदनशील असतं, म्हणून "खात्रीसाठी पुन्हा एक" हा प्रकार टाळायचा. तिसऱ्या दवाखान्यात गेलात तर आधीच्या फाइली घेऊन जा, नवे एक्स-रे काढायला तयार होऊ नका.

डोस कमी करायचा सगळ्यांत परिणामकारक उपाय ते चौकोनी तोंडच, कारण सेन्सरच्या बाहेर पडणारा किरण त्याने अडतो. शिशाच्या एप्रनबद्दल अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये सांगितलं की दातांच्या एक्स-रेसाठी त्याची आणि गळ्याच्या कॉलरची आता गरज नाही. आपल्याकडे एप्रन देतात. दिला तर घालू द्या. पण ओपीजीत गळ्याची कॉलर नको, तिची सावली जबड्यावर पडून फोटो वाया जातो. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. मंडळाचं मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे आणि नोंदणी त्यांच्या ई-लोरा प्रणालीतून होते. दवाखान्यात याबद्दल विचारायला संकोच नको.

थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, हाडात अडकलेला दात, इम्प्लांट, मुळांची गुंतागुंत यांसाठी उत्तम आहे. किडीसाठी नाही. धातूचं फिलिंग, कॅप किंवा तारांचे ब्रॅकेट असले की त्यांच्या बाजूने काळे पट्टे उमटतात आणि तेच किडीसारखे दिसतात. डोस यंत्र आणि क्षेत्रानुसार दहा-वीसपासून कित्येक शे मायक्रोसीव्हर्टपर्यंत जातो. युरोपच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत कीड शोधण्यासाठी सीबीसीटी वापरू नये असं स्पष्ट म्हटलंय. त्याने वाद मिटणार नाही, चौथं मत मात्र तयार होईल.

किरणांशिवायही काही साधनं आहेत. ७८० नॅनोमीटरचा जवळ-अवरक्त प्रकाश दातातून आरपार टाकणारा कॅमेरा इनॅमलमधली कीड चांगली दाखवतो. दवाखान्यात असेल तर ३६ वर लक्ष ठेवायला उपयोगी. डेंटिनमध्ये कीड नसेपासून किती दूर आहे हे तो सांगत नाही, हिरडीखालचंही दिसत नाही. लेझर पेनने आकडा दाखवणारं यंत्र खाचांसाठी आहे, आणि चहाच्या डागालाही ते मोठा आकडा देतं. त्या आकड्यावरून फिलिंग करू नये.

तारा लावण्याआधीचा क्रम

आधी २६ चं फिलिंग. फिलिंगनंतर तिथे फ्लॉस अडखळत जाऊन 'टक' आवाजाने उतरला पाहिजे. सहज सरकत असेल तर दोन दात नीट टेकलेले नाहीत आणि अन्न अडकणार. त्यासाठी कड घडवणारी पट्टी आणि पाचर वापरतात का, विचारा. मग सेपरेटर, ४६ आणि ३६ ची पाहणी, वार्निश. मग तारा. हे सगळं दहा-बारा दिवसांत बसतं, त्यामुळे तारांना उशीर होईल ही भीती नको.

तारा लावणाऱ्या डॉक्टरांना बाइटविंग दाखवून विचारा की ३६ आणि ४६ वर पट्टीऐवजी चिकटवायची ट्यूब चालेल का. पट्टी दोन दातांमधली बाजू झाकते. तिच्याखालचं सिमेंट सुटलं तर कीड आत वाढते आणि पट्टीच्या धातूमुळे एक्स-रेवरही दिसत नाही. ट्यूबने ती बाजू मोकळी राहते. काही वेळा दाढेवर जोर जास्त येणार असतो आणि पट्टीच लागते, तेव्हा सिमेंट फ्लोराइड सोडणारं, ग्लास आयोनोमर प्रकारचं असावं.

रोज दोनदा १००० पीपीएम किंवा जास्त फ्लोराइडची पेस्ट, चूळ जेमतेम भरायची. तारांमध्ये साधा फ्लॉस जात नाही. टोक ताठ असलेला फ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश घ्या.

पुढचा बाइटविंग कधी? कीड असलेल्या आणि तारा असलेल्या मुलीला ६ ते १२ महिन्यांनी. नवी कीड नाही असं दोनदा दिसलं तर अंतर वाढवता येतं. धोका कमी असलेल्या किशोरवयीनांना १८ ते ३६ महिन्यांनी पुरतं. पुढचा फोटो त्याच होल्डरने, त्याच कोनातून काढायला सांगा, नाहीतर सावली वाढली की कोन बदलला हे कळणार नाही. आत्ताचे दोन्ही फोटो मोबाइलवर व्हॉट्सॲपच्या फोटोसारखे मागू नका, त्यात बारकावा गळतो. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, आणि फाइलच्या नावात तारीख व बाजू लिहून ठेवा.